निमताना

नाही, ती खुर्ची नको तानाजीराव, तिचा एक पाय हलतो — ही घ्या, माझी — अहो बसा हो, मी उभाच बरा आहे, खुर्चीत बसलो की मी डॉक्टरसारखा बोलायला लागतो आणि आज मला ते नकोय. दार मीच लावलं. विमलावहिनी बाहेर बसल्यात, बघितलं मी, कल्पिताला सांगितलंय की त्यांना चहा दे आणि गप्पांत गुंतव, आधी आपण दोघंच बोलू. नाही, फिल्म हरवलेली नाही. नाही, परत मशीनमध्येही झोपायचं नाहीये. तसं काही असतं तर कल्पितानेच फोन केला असता, तुम्हाला कोपरहून एवढ्या उन्हात कशाला बोलावलं असतं — मी स्वतः फोन केला तेव्हाच तुम्ही ओळखलं असणार, नाही का? एमआरआयवाला डॉक्टर पेशंटला स्वतः फोन करतो म्हणजे काहीतरी आहे. आहे. सांगतो. फक्त मला थोडी वळणं घेत सांगू द्या, सरळ सांगायची सवय मला नाही, आम्ही रिपोर्टमध्येसुद्धा 'असू शकते', 'नाकारता येत नाही' असंच लिहितो — बायको म्हणते, तू लग्नाला होकारसुद्धा तसाच दिलेलास.

पहिल्यापासून घेतो. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगतो, मला स्वतःलाच ते एकदा ओळीने ऐकायचंय. जानेवारीत तुम्ही आलात. संडासला रक्त पडत होतं आणि तुम्ही सहा महिने मूळव्याध समजून ताक पीत बसलेलात. नीलाताईंनी, म्हणजे तुमच्या सर्जननी, तपासलं, तुकडा काढून पाठवला, कॅन्सर निघाला — गुदाशयात, अगदी खाली, संडास धरून ठेवणारा स्नायू असतो त्याला लागून. त्यांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. मी गाठ मोजली, अडतीस सीसी आली. मग पाच आठवडे रेडिएशन, सोबत गोळ्या, मग मध्ये थांबून मे महिन्यात परत एमआरआय. मी परत मोजली. चौदा. अडतीसची चौदा झाली म्हणजे निम्म्याहून जास्त गाठ विरघळली, असं मी रिपोर्टात लिहिलं, 'उत्तम प्रतिसाद' असे शब्दही वापरले, वर आणि ठळक अक्षरात. नीलाताईंच्या बोटाला अजून टणक लागत होतं, त्यांनी मला फोनवर विचारलंसुद्धा, विनीत, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. मग त्या तुम्हाला म्हणाल्या की आत्ता कापायची घाई नको, औषधं आणखी चालवू, गणपती झाले की परत बघू, कदाचित ऑपरेशन लागणारच नाही, आणि संडाससाठी पोटावर कायमची पिशवी तर नाहीच. बरोबर ना? म्हणजे हा सगळा बेत माझ्या दोन आकड्यांवर उभा आहे. अडतीस आणि चौदा. तानाजीराव, ते दोन्ही आकडे चुकलेत.

पाणी घेणार? नको? मी घेतो.

चुकलेत म्हणजे मशीन चुकलं नाही, मशीन चांगलं आहे, मशीनला दोष देता आला असता तर मी केव्हाच दिला असता, कंपनीचा माणूस बोलावून त्याच्यावर ओरडलोसुद्धा असतो. चुकलो मी. कसं, ते तुम्हाला मी दाखवलेलंच आहे — आठवतं, सीडी न्यायला आला होतात त्या दिवशी? मशीन काय करतं, तर तीन तीन मिलिमीटरचे काप काढतं, पाव कापल्यासारखे, आणि प्रत्येक कापावर गाठीच्या कडेने मी माऊसने रेघ मारतो, मग कॉम्प्युटर आतलं क्षेत्रफळ घेतो, जाडीने गुणतो, सगळ्यांची बेरीज करतो. आकडा कॉम्प्युटर देतो म्हणून लोकांना वाटतं आकडा पक्का. पण रेघ? रेघ माझी. आणि माझ्या रेघेचा मला केवढा गर्व — ठाण्याला डॉक्टरांच्या सभेत मी यावर भाषण दिलेलं आहे, शाल आणि नारळ घेतलेला आहे. ती शाल घरी गच्चीत पापडांखाली असते आता. त्या भाषणात मी एका मुलीला झापलेलं. आमची जागृती, तीच, आता इथेच नोकरीला आहे. तिने उभं राहून विचारलेलं की सर, दोन वेगवेगळ्या लोकांनी मोजायला नको का? मी म्हटलं, अनुभवी हाताला दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. टाळ्या पडल्या होत्या. मी त्या टाळ्या बरेच दिवस पुरवून वापरल्या.

तर त्या दिवशी तुम्ही सीडी न्यायला आलात आणि मला कुठून लहर आली कोण जाणे — लहर कसली, मिरवायचं होतं — मी तुम्हाला आत बोलावून स्क्रीनवर दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. म्हटलं, बघा, जानेवारी, बघा, मे. तुम्ही चष्मा वर केलात आणि वाकून बघत राहिलात, बराच वेळ. मला वाटलं, भारावलात. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. आजपर्यंत मला एकाही डॉक्टरने विचारला नव्हता. तुम्ही म्हणालात, "साहेब, जानेवारीत मधली ही काळी पोकळी तुम्ही रेघेच्या आत घेतलीत. मेमध्ये बाहेर ठेवलीत. मग गाठ कमी झाली, का पोकळी वगळली?"

मी हसलो. मोठ्याने हसलो. म्हटलं, तानाजीराव, हे शेत नव्हे. तुम्ही चौतीस वर्षं सरकारी भूमापनात काढलीत, साखळी ओढत अर्धा ठाणे जिल्हा पालथा घातलात, कोलशेतला मी ज्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहतो त्याच्याखालची खाजणाची जमीनही तुम्हीच मोजलेली — आणि मी तुम्हाला मोजणी शिकवतोय. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही सांगितलंत की बांध धरायचा तर दोन्ही वेळा आत धरायचा, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर, एकदा आत आणि एकदा बाहेर धरला की भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन जातो. आणि मग म्हणालात, आमच्यात निमताना असते. मला शब्द माहीत नव्हता. निमताना म्हणजे कुणी मोजणीवर हरकत घेतली तर परत मोजणी, पण पहिल्या माणसाने नाही करायची, दुसऱ्याने, वरच्याने करायची. तुमची शेवटची सात वर्षं निमताना मोजण्यांतच गेली म्हणालात, आणि तुमचा नियम काय, तर पहिल्याचा नकाशा फायलीत घडी घालून ठेवायचा, आपली रेघ पुरी झाल्याशिवाय बघायचा नाही. कारण एकदा बघितला की हात त्याच्याच मागे जातो. एवढं बोलून तुम्ही सीडी घेतलीत आणि गेलात. मी कल्पिताला हाक मारून हसत हसत सांगितलं की आपल्याकडे नवीन सिनियर आलेत. ती हसली नाही. ती बारा वर्षं इथे आहे, तिला माझं कुठलं हसू कसलं आहे ते कळतं.

दुपारी डबा खाताना मी तिला म्हटलं, गंमत म्हणून एक काम कर. गेल्या वर्षातले बारा स्कॅन काढ, याच प्रकारच्या गाठीचे, त्यात तानाजीरावांचे दोन्ही घाल, नावं झाक, तारखा झाक, पत्त्यांसारखे पिस आणि मला दे. मला कळता कामा नये कुठला कुणाचा, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा. तिने दिले. मी मोजले. मग आठ दिवसांनी परत पिसून दिले, परत मोजले. आणि तेच जागृतीलाही दिले, वेगळ्या खोलीत. तिने आधी काय केलं माहिती आहे? बसून कागदावर नियम लिहिले. पोकळी बाहेर. राखाडी कड शंकेची असेल तर दुसऱ्या प्रकारचं चित्र उघडून बघायचं, तिथे चमकली तर आत, नाहीतर बाहेर. आडवा काप तिरका पडला असेल तर मोजायचा नाही. सात ओळी होत्या, बस्स. मी म्हटलं, अगं, हे तर लहान मुलालाही कळेल. ती म्हणाली, हो सर, म्हणूनच लिहिलं. आणि तिची पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी — एकदोन सीसी इकडेतिकडे, बाराच्या बारा. माझी? माझं माझ्याशीच जुळेना. एका स्कॅनला मी एकदा एकतीस म्हटलेलं आणि आठ दिवसांनी एकोणीस. तीच गाठ, तोच काप, तोच मी, सकाळी फक्त पोहे खाल्ले होते का उपमा एवढाच फरक. सत्तावीस वर्षांचा अनुभवी हात. मी कल्पिताला म्हटलं, तू पिसताना काहीतरी घोळ केलास. तिने वही पुढे केली, घोळ नव्हता.

तुमचे? सांगतो ना. तेच सांगायला उभा आहे. नियम लावून, नावं झाकून, जागृतीने मोजले आणि मग मीही तिच्या नियमांनी मोजले. जानेवारी, सत्तावीस. मे, तेवीस. सत्तावीसची तेवीस. जरा आक्रसली आहे, नाही असं नाही, पण विरघळली वगैरे नाही. तुमचा प्रश्न बरोबर होता. जानेवारीत मी पोकळी आत घेतली आणि गाठ फुगवली, मेमध्ये बाहेर ठेवली आणि वरून कडेचा सगळा राखाडी भाग 'हा जुना व्रण आहे, मेलेला आहे' म्हणून सोडून दिला. जागृतीने दुसरं चित्र उघडून दाखवलं. तो भाग चमकत होता. जिवंत आहे. तिला ते दाखवायला अर्धं मिनिट लागलं, आणि बिचारी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडेच बघत होती, मला संकोच वाटू नये म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, पोकळीचं विसरलात, ठीक, माणूस विसरतो. पण राखाडी कडेचं काय? ती का सोडलीत? — तुम्ही म्हणत नाही आहात, मीच म्हणतोय. मी ती विसरलो नव्हतो. मला ती दिसली होती. माऊस तिथे थांबला होता माझा, मला आठवतंय. पण शेजारच्या खिडकीत जानेवारीचा अडतीस उघडा होता, पहिल्याचा नकाशा, घडी न घातलेला, आणि पहिला तरी कोण, मीच. मला माहीत होतं की आता आकडा कमी यायला हवा. आणि दुसरं म्हणजे — हे सांगायचं ठरवलं नव्हतं मी — त्या सकाळी मशीनमध्ये तुम्ही होतात, अर्धा तास, आणि बाहेर बाकावर विमलावहिनी होत्या. मी चहाला चाललो होतो. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, डॉक्टर, यांना पिशवी लागेल का हो? स्वतःच्या पोटावर हात ठेवून विचारलं, जसं काही त्यांनाच लावायचीय. म्हणाल्या, यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही, दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना संकोचतात, ते पिशवी घेऊन लोकांत कसे वावरतील, घरात कोंडून घेतील. मी काय म्हणायला हवं होतं? बघू, रिपोर्ट येऊ दे, ते नीलाताई सांगतील. हे सत्तावीस वर्षं म्हणतोय मी, झोपेतही म्हणेन. आणि मी म्हणालो, "नाही लागणार, वहिनी. काळजी करू नका."

हो. मोजायच्या आधी. मशीन अजून चालू होतं, आतून ठकठक ऐकू येत होती. गाठ न बघता मी शब्द देऊन बसलो, आणि मग आत जाऊन त्या शब्दाच्या मापाची गाठ काढली.

दुसऱ्या आठवड्यात त्या शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या, तुमच्या गावच्या शेंगदाण्याची, उखळात कुटलेली. मी खाल्ली. बरणीच्या बरणी संपवली, इथेच, डब्याबरोबर, बारा स्कॅन पिसून मोजत होतो त्या दिवसांतसुद्धा. काही माणसांना अपराधी वाटलं की जेवण जात नाही. माझं तसं नाही.

का म्हणालो तसं? तुम्ही विचारत नाही, पण बघताय असं की उत्तर द्यावंच लागतं. भूमापनात तुम्ही साक्षीदारांकडे असंच बघत असणार. माझ्या वडिलांना पिशवी होती. नौपाड्याच्या घरी. हाच आजार, तेव्हा एमआरआय वगैरे नव्हतं, पोट उघडून बघायचे आणि काढून टाकायचे. चार वर्षं जगले ते पिशवीवर. आई बदलायची. मी तेव्हा शिकत होतो, याच विषयात, रोज दहा लोकांची आतडी फोटोत बघत होतो, आणि घरी आई पिशवी बदलायला घेतली की मला काहीतरी आणायला बाहेर जायचं असायचं. कधी दूध, कधी पेपर. घरात दोन दोन पेपर असायचे. एकदा मावशी गेली म्हणून आईला पनवेलला जावं लागलं. बाबा मला म्हणाले, विनू, आज तुला बदलावी लागेल रे, मला नीट वाकता येत नाही. मी म्हणालो, हो बाबा, आलोच. आणि खाली जाऊन दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन आलो. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुमच्यासारखंच. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतः बदलायला शिकून घेतलं, कुणालाच सांगायला नको म्हणून. मला लाज वाटते तानाजीराव, आजही वाटते, आणि गंमत बघा, बाबांना त्या पिशवीची काही लाज नव्हती. चार वर्षं रोज मासळीबाजारात जायचे, कोळणीशी भांडून सोडे आणायचे, पत्ते खेळायचे, सदऱ्याखाली कुणाला कळायचंही नाही. किळस मला होती. विमलावहिनींनी पिशवी हा शब्द उच्चारला आणि मी तुम्हाला विसरलो, गाठीला विसरलो, मला फक्त त्या खोलीतून बाहेर जायचं होतं. त्या दिवशी दूध आणायला जाता येत नव्हतं म्हणून माऊस आत सरकवला.

तर आता काय. नीलाताईंशी आज सकाळी बोललो. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, विनीत, आधी तू त्यांना सांग, तू सांगितल्याशिवाय मी त्यांना बोलावणार नाही. नवा रिपोर्ट हा इथे आहे, त्यावर जागृतीची सही पहिली आणि माझी दुसरी. सोमवारचं औषध रद्द. ऑपरेशन दहा दिवसांत. गाठ संडास धरून ठेवणाऱ्या त्या स्नायूत शिरलेली आहे म्हणून स्नायूही काढावा लागणार, म्हणजे — हो. कायमची. बरे व्हाल का? तो प्रश्न नीलाताईंचा, मी आता कुणालाही शब्द देत नाही, पण चित्रात जे आहे ते सांगतो: यकृत स्वच्छ आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, गाठ दुसरीकडे कुठे गेलेली नाही. गणपतीपर्यंत थांबलो असतो तर हे वाक्य मला म्हणता आलं असतं की नाही, माहीत नाही. तेवढा उशीर झालेला नाही, त्याच दिवशी कळवलं असतं तर आणखी थोडं — काय? नाही, कळलं मला मागच्या गुरुवारी. जागृतीने चित्र दाखवलं तेव्हा. म्हणजे — हो. आठ दिवस. मी फोनवर तुम्हाला म्हणालो की एक गोष्ट काल लक्षात आली, ते खोटं. आठ दिवस हा रिपोर्टचा लिफाफा या खणात होता. मी रोज खण उघडत होतो आणि रोज ठरवत होतो की उद्या. मध्ये एक दिवस तर मी जागृतीला म्हणालो की तेवीसचे वीस धरता येतील का बघ, राखाडी कड अर्धी सोडून. तिने स्वतःच्या सात ओळींचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि जेवायला गेली. हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. तुमच्यासमोर कसं बाहेर पडतंय सगळं, मला कळत नाही.

रागवा ना. खरंच रागवा. तक्रार करायची असेल तर अर्ज मीच लिहून देतो, माझं मराठी बरं आहे, रिपोर्ट सोडून. तुमच्या जागी मी असतो तर आत्तापर्यंत हा मॉनिटर खाली असता. तुम्ही हसताय? तुम्ही चक्क — काय म्हणालात? तुमच्याकडूनही एकदा बांध चुकला होता? कुठे? नाही, आत्ता नको, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही, आणि मला आज बरं वाटायला नको आहे. पण ऐकेन. ऑपरेशन झालं की वॉर्डात येऊन ऐकेन. आणि तानाजीराव, तिथे पहिल्यांदा पिशवी बदलतील ना, तेव्हा त्या नर्सला सांगून मी — म्हणजे तुमची हरकत नसेल तर — मला शिकायचंय. पंचावन्नाव्या वर्षी. हसा, हसा. मी पिशवी सरळ लावतो का ते तुम्ही बघा, मोजणीचा तुम्हाला सराव आहे.

काय? अजून एक काम? सांगा ना, काहीही सांगा. नीलाताईंकडे मी सोबत येतो, गाडी आहे खाली. नाही? मग? वहिनींना — मी? तुम्ही सांगा ना, तुमची बायको आहे, चाळीस वर्षांचा संसार, तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना — बरं. बरं. शब्द मी दिलेला, हो, तुम्ही दिला नव्हता. तुमची मोजणी नाही ती. कळलं. पण असं करूया का, मी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, तीन मिलिमीटरचे काप वगैरे, स्क्रीन लावतो, मग हळूहळू — नको? बरं, स्क्रीन नको. जागृतीला बोलावू का, ती चांगलं समजावते — तीही नको. तुम्ही उठू नका हो, दार मी उघडतो. उघडतोय. एवढंसं दार आहे, उघडतोय ना.

कल्पिता, वहिनींना पाठव आत.

या वहिनी. चहा झाला? नाही नाही, ते बरे आहेत, हे काय बसलेत. इकडे बसा तुम्ही, त्यांच्या शेजारी. मी तुमच्याशी — त्या दिवशी बाकावर तुम्ही मला विचारलं होतंत, आठवतं, मशीन चालू होतं आणि मी तुम्हाला — ते काय आहे ना वहिनी, आमच्या या मोजणीत कधीकधी — नाही. थांबा तानाजीराव, तुम्ही नका बोलू. मी बोलतो.

लागणार आहे, वहिनी.